बारा आणे दुखतंय : फिजिओथेरपीच्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

प्रवेश घेण्याआधी

'फिजिओथेरपी' हा शब्द घरात एकदम उच्चारू नये. आधी नुसतं 'मेडिकल लाइन' म्हणावं. ह्या दोन शब्दांत एमबीबीएसपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळं मावतं आणि ऐकणारा आपापल्या हौसेप्रमाणे अर्थ काढून खूश होतो. दोन-चार दिवसांनी, रात्रीची जेवणं झाल्यावर, 'चार वर्षं आणि वर इंटर्नशिप' एवढं सांगावं. अभ्यासक्रमाचं नाव अगदी शेवटी, पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर.

माझा हा क्रम चुकला. मी पहिल्याच वाक्यात खरं सांगून टाकलं. मोठे काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "म्हणजे मालिश?"

हा प्रश्न तुमच्या मागे लग्नापर्यंत येणार आहे आणि बहुधा लग्नातही असेल. त्याला उत्तर म्हणून इतिहास सांगून पाहावा. पन्नासच्या दशकात पोलिओच्या साथीनंतर मुंबईत परळच्या केईएममध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, आपल्या देशातलं ह्या विषयाचं पहिलं रीतसर शिक्षण सुरू झालं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोलिओ तर गेला की." २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्रच मिळालेलं असल्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही.

नीटची परीक्षा ७२० गुणांची असते आणि तिच्या निकालाची घरोघरी एक उतरंड रचलेली असते. सगळ्यांत वर एमबीबीएसचं छोटं मडकं, त्याखाली बीडीएस, मग बीएएमएस, मग बीएचएमएस. बीपीटीएच, म्हणजे आपली फिजिओथेरपी, हे मडकं उतरंडीत नसतंच. ते शेजारी, चुलीपाशी, झाकण नसलेलं ठेवलेलं असतं. तिथे ऊब चांगली मिळते.

विद्यापीठ निवडणे

विद्यापीठ लहान असावं. लहान कसं ओळखायचं? तुमचे इंटर्नलचे मार्क तुमच्याआधी गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांना कळत असतील, तर ते लहान.

आमचं एका साखर कारखान्याच्या अलीकडे होतं. नाव सांगत नाही. सांगितलं नाही तरी ऊस पिकणाऱ्या निम्म्या तालुक्यांना ते आपलंच वाटेल. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून आपल्याकडे उसात आंतरपीक म्हणून महाविद्यालयंही चांगली येतात. कमान, कमानीच्या आत संस्थापकांचा पुतळा, पुतळ्याभोवती कारंजं (फक्त स्थापनादिनी चालू) आणि मागे ज्ञान.

अशा विद्यापीठाला 'अभिमत' म्हणतात. म्हणजे विद्यापीठ आहे असं मानलेलं. जावयाला मुलगा मानतात, तसं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं अशा संस्थांना नावातून 'युनिव्हर्सिटी' शब्द काढायला लावला. मग सगळ्यांनी तो कंसात घातला. तुमच्या पदवीवरही कंस असेल. त्याची लाज वाटू देऊ नका. तुम्हीही पुढे आयुष्यभर कंसातच राहणार आहात. ते का, ते पुढे येईल.

एक व्यावहारिक सूचना. गळीत हंगामात ॲनाटॉमी हॉलच्या खिडक्या उघडल्या तर मळीचा वास आत येतो आणि बंद केल्या तर फॉर्मलीनचा आत राहतो. काय सोसायचं ते पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकावं. मी मळी निवडली. आता पेढ्याच्या दुकानातसुद्धा मला ॲनाटॉमीतला ब्रेकियल प्लेक्सस आठवतो.

साहित्य

पांढरे ॲप्रन दोन, इंचटेप एक, गुडघ्यावर मारायचा रबरी हातोडा एक आणि गोनिओमीटर. गोनिओमीटर म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटलेले. ह्यानं सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं. पहिल्या महिन्यात तुम्ही हॉस्टेलमधल्या सगळ्यांचे सांधे मोजाल, दुसऱ्या महिन्यात तो हरवेल आणि तिसऱ्या महिन्यात रूममेटच्या गादीखाली सापडेल.

ह्याशिवाय हाडं. पूर्ण सांगाडा परवडत नाही, म्हणून 'हाफ सेट' घेतात, तोही सीनियरकडून, त्यांनी त्यांच्या सीनियरकडून घेतलेला. एखाद्या हाडावर दोन-तीन पिढ्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. ह्याला परंपरा म्हणतात.

हा सेट मी दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासाला घरी नेला. पोतं ओट्यावर टेकवलं तेवढ्यात आजी आली.

"काय गं हे?"

"हाडं. अभ्यासाची."

"कुणाची?"

"सीनियरकडून घेतली."

"त्याच्या आधी कुणाची?"

मांडीचं हाड हातात घेऊन ते उजवं की डावं हे मी डोळे मिटून सांगू शकत होते. कंबरेचं हाड असतं, तर बाईचं की पुरुषाचं हेही सांगता येतं, कारण बाईच्या ओटीपोटाच्या हाडांमधला पुढचा कोन जास्त रुंद असतो. पण आजीनं विचारलेला प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. तिनं पोतं घरात येऊ दिलं नाही. गोठ्याच्या माळ्यावर ठेवायला लावलं. मी रोज माळ्यावर चढून, खाली म्हैस रवंथ करत असताना, मनगटातली आठ हाडं पाठ केली. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी वर गेले, तर पोत्याशेजारी द्रोणात दहीभात होता.

नवख्यांनी हाडं घरी नेऊ नयेत, असं मी म्हणणार होते. आता म्हणत नाही.

पहिलं वर्ष, किंवा बारसं

पहिल्या वर्षात तुम्ही माणसाला बरं करायचं काहीच शिकत नाही. त्याच्या प्रत्येक तुकड्याचं नाव शिकता. बी. डी. चौरसियांची ॲनाटॉमीची पुस्तकं उशाशी घ्यावी लागतात. ती वाचून झोप लागली नाही, तरी उशी म्हणून उंची बरोबर आहे.

नावं लॅटिन आणि ग्रीक असतात, आणि रट्टा मारणाऱ्यांचा त्यांत जीव जातो. रट्टा मारू नये. नाव फोडून बघावं. पॅटेला, म्हणजे गुडघ्यावरचं ते गोल हाड. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ छोटं ताट, छोटं भांडं. आपल्याकडे तिला काय म्हणतात? वाटी. गॅस्ट्रोक्नीमियस हा पायाचा मागचा स्नायू. ग्रीकात त्याचा अर्थ पायाचं पोट. आपल्या पोटरीतही पोट आहेच. हे कळलं त्या रात्री मी हॉस्टेलच्या गच्चीवर दोन मैत्रिणींना उठवून सांगितलं. त्यांनी मला गॅस्ट्रोक्नीमियसमध्ये चिमटा काढला.

सगळीकडे असं जुळत नाही. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक ग्रीकांना कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं, म्हणून ते कॉक्सिक्स. आपण त्याला माकडहाड म्हणतो. दिसण्यात ग्रीक बरोबर असतील, नात्यात आपण आहोत. आणि मांडीवरून तिरका जाणारा, शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा. शिंपी मांडी घालून बसतात म्हणून. आपल्याकडे पंगतीला सगळेच मांडी घालून बसायचे, त्यामुळे त्याचं श्रेय एकट्या शिंप्याला द्यावं असं कुणाला वाटलं नसावं.

मला हे सगळं कुणी शिकवलं नाही. वर्गात मराठीत बोललं तर पाच रुपये दंड होता. त्या दंडातून वर्षाअखेरीला भेळ झाली. भेळीचं नाव मात्र भेळच राहिलं.

दुसरं वर्ष: यंत्रं, आणि हळकुंड

दुसऱ्या वर्षी यंत्रं येतात. ती फार सुंदर असतात. शॉर्टवेव्ह डायथर्मी हे २७.१२ मेगाहर्ट्झवर चालणारं यंत्र. लहरीची लांबी अकरा मीटर. हा आकडा पाठ करावा, कारण एक्स्टर्नल तोच विचारतात. पेशंट कधी विचारत नाही. पेशंट म्हणतो, "शेक द्या."

पुस्तकात लिहिलेलं असतं: यंत्र लावण्याआधी अंगावरचे सर्व धातू काढून घ्यावेत. वाक्य छोटं आहे. आता समोर मान दुखणारी एक बाई बसली आहे, तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि दाराशी तिची सासू उभी आहे. ते वाक्य आता म्हणून दाखवा.

मी म्हणून दाखवलं. दोघी उठून निघाल्या. तेव्हा ओपीडीतल्या मावशींनी, ज्यांना आमच्या विभागात कुठलंही पद नव्हतं, टेबलाचा खण ओढला. आत हळकुंड बांधलेला पिवळा दोरा होता. मावशी सासूबाईंना म्हणाल्या, "हे गळ्यात घालू द्या, अर्ध्या तासानं परत आपलं घाला." सासूबाईंनी स्वतः गाठ मारली. हळकुंडाला २७.१२ मेगाहर्ट्झचं काहीही वावडं नसतं. तो दोरा खणात किती वर्षांपासून होता, हे मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुमची मशीन आली तेव्हापासून."

मेणाचं भांडं हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सात भाग मेण, एक भाग पातळ पॅराफिन, पन्नास-पंचावन्न अंशांवर वितळलेलं. वातानं आखडलेला हात त्यात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, पांढरा हातमोजा तयार होईपर्यंत. हे बघायला पेशंटच्या नातवंडांची गर्दी होते. हात बाहेर काढून मेण सोलताना मोजा अख्खा निघाला, तर तो नातवंडाला द्यावा लागतो. मेण परत भांड्यात टाकायचं असतं हे त्याला समजावणं, हा अभ्यासक्रमाचा भाग नाही.

एक कटू सत्य इथेच सांगून टाकते. पेशंटला यंत्र हवं असतं, व्यायाम नको असतो. आपला सगळा विषय व्यायामाचा आहे. करंटचं यंत्र लावलं की तो समाधानानं डोळे मिटतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार करतो की काल करंट कमी सोडला होता. व्यायाम सांगितला की तो म्हणतो, "दिवसभर रानात राबतो, अजून कसला व्यायाम?" ह्याला पुस्तकात उत्तर आहे. ते इंग्रजीत आहे.

मोजमाप

वेदना मोजण्यासाठी दहा सेंटिमीटरची एक रेघ असते, तिला व्हीएएस म्हणतात. एका टोकाला शून्य, म्हणजे अजिबात दुखत नाही; दुसऱ्या टोकाला दहा, म्हणजे ह्याहून जास्त दुखूच शकत नाही. पेशंटनं ह्यावर बोट ठेवायचं. आमच्या ओपीडीत एक आजोबा आले, पटका, हातात काठी. मी रेघ समोर धरली आणि विचारलं, "आजोबा, दहापैकी किती?"

त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारा आणे."

नवख्या विद्यार्थ्यानं इथे गडबडून जाऊ नये. सोळा आण्यांचा रुपया. बारा आणे म्हणजे पाऊण, म्हणजे दहापैकी साडेसात. आठवड्यानं ते आले की म्हणतील, "चार आणे फरक हाय." म्हणजे आता आठ आणे उरले, म्हणजे पाच. १९५७ साली देशात दशमान नाणी आली, पण दुखण्यापर्यंत ती अजून पोचलेली नाहीत. फाइलमध्ये मी 'व्हीएएस ७.५' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, एवढं अचूक कसं? मी म्हटलं, पेशंट फार समजूतदार आहे.

आकड्यावर भागत नाही. दुखणं कसं आहे तेही लिहायचं असतं. पुस्तकात चार-पाच शब्द असतात: बोथट, ठोके पडल्यासारखं, विजेसारखं, जळजळणारं, टोचणारं. आणि समोरच्या बाकावर बसलेल्या बायका काय म्हणतात? ठणका लागलाय. कळ येते. चमक भरते. रग लागते. सलतं. ठसठसतं. भगभगतं. मुंग्या येतात. गोळा येतो. उसण भरली. शीर आखडली. अंग मोडून आलंय. पाय ओढतोय. हात जड पडलाय. ह्यांतला एकही शब्द दुसऱ्यासाठी वापरलेला नसतो. 'चमक' म्हणणाऱ्या बाईला 'ठणका का?' असं विचारून बघा, ती तुम्हाला शिकवणी लावेल. चमक ही शिरेची असते, ती वरून खाली पळते. ठणका सुजेचा, तो एका जागी बसतो. रग कामाची, ती विसाव्यानं जाते. तपासणीचा पहिला अर्धा भाग बाईनं बाकावर बसल्या बसल्या उरकलेला असतो. आपण तो फक्त इंग्रजीत उतरवायचा आणि त्याचे मार्क घ्यायचे.

अपवाद एक: 'मणक्यात गॅप आहे.' हे वाक्य कुठल्याही पेशंटनं म्हटलं तरी लगेच विश्वास ठेवू नये. मणक्यांमध्ये गॅप असते, असायलाच हवी, तिथे गादी असते. बहुतेकांना एक्स-रे दाखवताना कुणीतरी घाईत सांगितलेलं असतं की ही गॅप कमी झाली आहे. 'कमी झाली' हे शब्द घरी येईपर्यंत गळून पडतात आणि गॅप तेवढी उरते. मग वर्षानुवर्षं माणूस वाकत नाही, पाटी उचलत नाही, आणि पाठ खरोखरच आखडते.

आता गुडघा. गुडघा १३५ अंश वाकला की पुस्तकाचं समाधान होतं. उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतं. त्या वरच्या अंशांमध्ये चूल आहे, खुरपणी आहे, म्हशीचं दूध आहे, शौच आहे, आरतीनंतर टेकलेलं डोकं आहे. 'खाली बसू नका' असं तुम्ही सांगाल, कारण तसं सांगायला शिकवलेलं आहे. एका काकूंनी मला विचारलं होतं, "मग म्हशीला खुर्चीवर उभी करू का?" मी गोनिओमीटर खिशात ठेवला. शेवटी मी, त्या आणि त्यांचा मुलगा असे मिळून एका पाटाच्या उंचीवर येऊन ठेपलो: पाटाखाली दोन विटा. ह्याला कुठल्याही ग्रंथात आधार नाही, पण विटा अजून तिथेच आहेत.

व्यायाम सांगताना 'पाच मोजेपर्यंत दाबून धरा' असं सांगू नये. माणसं एकदोनतीनचारपाच असं एका श्वासात मोजून मोकळी होतात. 'दोनदा रामकृष्णहरी म्हणा' असं सांगावं. ते कुणी घाईत म्हणत नाही.

तपासणी समिती

वर्षातून एकदा समिती येते. त्या आठवड्यात प्लिंथवर, म्हणजे पेशंटला झोपवायच्या टेबलावर, नवं रेक्झिन चढतं, वाचनालयातली पुस्तकं एकमेकांपासून वेगळी केली जातात आणि ओपीडीत रुग्णांची संख्या वाढते. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा कँटीनचे मामा मानेच्या ट्रॅक्शनवर होते. समितीतल्या एका सरांनी त्यांना विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे?" मामा म्हणाले, "सकाळपासून." पुढच्या वर्षी मामांना खरंच मान धरली. ते आले तेव्हा कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

एवढंच पुरे.

व्हायवा

बाहेरचे परीक्षक पुण्या-मुंबईहून येतात आणि ब्रेकियल प्लेक्सस विचारतात. हे मानेतून हातात उतरणारं नसांचं जाळं आहे. सी-५ ते टी-१ अशी पाच मुळं, त्यांची तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर आणि पाच मुख्य शाखा. हे रोज सकाळी दात घासताना आरशावर साबणानं काढावं. मी काढत असे. रेक्टरबाईंना वाटलं, मी कुणासाठी तरी रस्त्याचा नकाशा काढून ठेवते आहे. मुलींच्या हॉस्टेलचं दार सातला बंद होत असल्यामुळे ही शंका रास्त मानली गेली. मुलांच्या हॉस्टेलला दार होतं का, हे मला आजही आठवत नाही.

अंतिम वर्षाच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचची टॉपर माझ्या आधी होती. तिनं निदान सांगितलं, उपचार सांगितले, संदर्भ सांगितले. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हा व्यायाम ह्या काकांना समजावून सांगा." टॉपर काकांकडे वळली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "काका, आपला गुडघा एक्स्टेंड करा आणि क्वाड्रिसेप्स होल्ड करा."

काकांनी हात जोडले.

तिला समजावणीच्या पाचपैकी एक मार्क मिळाला. जोडलेल्या हातांचा असावा. ती हुशार होती, आता कॅनडात आहे आणि उत्तम काम करते. आपल्याकडे हा पाच मार्कांचा प्रश्न शेवटच्या दिवशी विचारतात आणि आधीची चार वर्षं त्यावर एक तासही होत नाही. दंडाची भेळ खाल्लेल्यांत मीही होते, म्हणून ह्यावर अधिक बोलत नाही.

'डॉक्टर' म्हणावे की नाही

म्हणजे मघाच्या कंसाबद्दल. आपण डॉक्टर आहोत की नाही, हे कायम कंसातच असतं. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ साली आम्ही तो रांगोळी काढून साजरा केला. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं, की फिजिओथेरपिस्टनी नावामागे 'डॉ.' लावू नये. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. एका मैत्रिणीनं मधल्या दिवशी दारावरच्या पाटीवरचं 'डॉ.' पांढऱ्या पट्टीनं झाकलं होतं. तिसऱ्या दिवशी ती पट्टी ओढताना खालचा रंगही निघून आला.

नवख्यांना माझा सल्ला: पाटी खडूनं लिहावी.

इंटर्नशिप

आमच्या वेळी शेवटचे सहा महिने. माझं एक पोस्टिंग ग्रामीण केंद्रात होतं: एक खोली, दोन प्लिंथ, भिंतीवर बोटं चढवायची लाकडी शिडी आणि एक खांद्याचं चाक. ते चाक पाहून प्रत्येक पेशंट एकदा तरी ट्रकचा हॉर्न वाजवून दाखवत असे.

दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. मुलानं मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे सुनेनं धरून आणलेलं. "वारं गेलंय अंगावरनं," मुलगा म्हणाला. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की डावं अंग जातं. फाइलमध्ये ह्याला तीन अक्षरं आहेत. पण जनावराच्या, माणसाच्या, पिकाच्या अंगावरून काहीतरी सपकन निघून जावं, तसं ते आलं होतं आणि मुलानं ते बरोबर सांगितलं होतं.

आजींनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "डाक्टर कधी येणार?"

"मीच आहे आजी."

"बरं बरं," त्या म्हणाल्या, लहान मुलाला म्हणतात तसं.

सिग्नी ब्रुनस्ट्रॉम नावाच्या, मूळच्या स्वीडनच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पक्षाघातानंतर हात कसा परत येतो ह्याच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. आधी लोळागोळा, मग ताठरपणा, मग मूठ वळते पण उघडत नाही, मग हळूहळू बोटं एकेकटी हलू लागतात. कुणी सगळ्या पायऱ्या चढतं, कुणी मध्येच थांबतं. सकाळी आजींचा हात हातात घेताना ह्या पायऱ्या मनात धराव्यात, त्यांना सांगू नयेत.

बोटांसाठी एक खास रबरी लगदा येतो, वेगवेगळ्या रंगांचा. रंग बदलला की तो जास्त घट्ट. आमच्या केंद्रात तो नव्हता. मी आजींना विचारलं, काय करायचंय हातानं? पुस्तकात ह्याला ध्येयनिश्चिती म्हणतात. त्या म्हणाल्या, "भाकरी थापायची. सुनंची जाड होती." सुनेनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परात आणि ज्वारीचं पीठ मागवलं. पिठाला रंग नसतात, पण पाणी कमी-जास्त करता येतं. पहिला आठवडा नुसतं सैल पीठ बोटांनी ओढायचं. मग घट्ट. मग डाव्या तळव्याची पकड कडेवर. उजव्या हातानं थापायची, डाव्यानं कड सावरत फिरवायची; ह्या फिरवण्यात मनगट, कोपर, खांदा, सगळं एकदम लागतं. असा व्यायाम कुणी लिहून ठेवला नसेल, तर लिहायला हवा. प्लिंथवर पीठ सांडल्याबद्दल मला लेखी समज मिळाली.

आजी रोज आल्यावर विचारायच्या, "डाक्टर आलं का?" मी म्हणायचे, "अजून नाही." मग आम्ही दोघी कामाला लागायचो.

माझ्या पोस्टिंगच्या शेवटच्या शनिवारी त्या फडक्यात बांधून काहीतरी घेऊन आल्या. काठी होती, पण पायरी स्वतः चढल्या. फडक्यात एक भाकरी आणि चिमूटभर ठेचा. भाकरीची एक कड छान गोल होती. दुसरी जाड, फाटलेली, थोडी करपलेली. तीच माझ्या ओळखीची. मी ती कड आधी तोडली. आजी माझ्याकडे बघत बसल्या.

अर्धी झाल्यावर त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

"पुरं. राहिलेली झाकून ठेव, पोरी. डाक्टर आलं की त्यास्नी दे."